कीलेट या शब्दाचा अर्थ

मी केमिस्ट्री शिकवते. इंदूरबाहेर, राऊजवळच्या एका खासगी कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गांना इनऑरगॅनिक शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. लग्न होऊन सांगलीहून इंदूरला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. घर स्नेहलतागंजमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आम्हाला एकच मुलगी.

दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात एक शब्द येतो, कीलेट. स्पेलिंगवरून मुलं तो हमखास 'चेलेट' असा वाचतात. मी तिथेच थांबवायची. "चेलेट नहीं, कीलेट. फिर से बोलो." सगळा वर्ग पुन्हा म्हणायचा. उच्चाराच्या बाबतीत मी फार कडक होते. घरीही. माझी मुलगी इंदूरची, तिचं मराठी इंदूरचं. "आई, मी गेली होती," असं म्हणाली की मी लगेच, "गेले होते म्हण." ती हसायची आणि पुन्हा 'गेली'च म्हणायची.

कीलेट हा शब्द ग्रीकमधून आलाय. मूळ अर्थ खेकड्याची नांगी. धातूचा एक आयन मध्ये असतो आणि एकच रेणू त्याला दोन किंवा जास्त ठिकाणांहून धरतो, त्यामुळे धातूला धरून एक कडं तयार होतं. एका बाजूने धरलेलं लवकर सुटतं, दोन बाजूंनी चिमटीत धरलेलं सहजासहजी सुटत नाही. मी वर्गात करूनही दाखवायची. मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, फिकट निळं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात इथिलिनडायअमिन या तांबं धरणाऱ्या द्रवाचे थेंब सोडायचे. पाणी गडद जांभळं होतं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढ्यापुरती मान वर करतात.

पुस्तकातली व्याख्या इथे संपते. मी मात्र तिला स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं. "शरीर में ज़हरीली धातु जमा हो जाए तो डॉक्टर कीलेट बनाने वाली दवा देते हैं. वो धातु को पकड़ती है और बाहर ले जाती है." हे वाक्य मुलांना आवडायचं. परीक्षेत तेच लिहून आणायची आणि मी पूर्ण मार्क द्यायची.

मुलगी बारावीला गेली तेव्हाची गोष्ट. ती बडबडी होती. शाळेतून आली की बूट काढता काढता सुरू व्हायची ते जेवणाच्या ताटापर्यंत. निम्मं मराठी, निम्मं हिंदी, मधेच एखाद्या टीचरची नक्कल. आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कार्यक्रमांचं सूत्रसंचालन आठवीपासून तीच करायची. तिला कागद लागत नसे. माईक हातात आला की पुढचं सगळं तिला आपोआप सुचायचं.

त्या वर्षी ती स्टेजवर अडखळली. आधी मला वाटलं माईक खराब आहे. शब्द ओले झाल्यासारखे एकमेकांना चिकटून येत होते. पुढच्या रांगेतली काही मुलं हसली. ती थांबली, पदराने तोंडाचा कोपरा पुसला, पुन्हा बोलायला लागली आणि पुन्हा अडखळली. शेवटी दुसऱ्या एका मुलीने माईक घेतला. घरी येताना मी तिला काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं.

"तयारी करायला नको. सगळं गृहीत धरतेस तू."

"आई, मी तयारी केली होती."

"मग असं लोळत लोळत का बोलत होतीस? जीभ उचलायला काय होतं?"

मी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तिला चूक कळली असा घेतला.

त्यानंतर तिचं अक्षर बारीक व्हायला लागलं. वहीतली ओळ सुरुवातीला नीट असायची आणि शेवटाकडे मुंगीएवढी होत जायची. हातातून ग्लास पडायचा. चिडचिड वाढली, एकदा तिने बापावर चमचा फेकला. शाळेतून फोन आला की मुलगी वर्गात लक्ष देत नाही, विचित्र हसते. आम्ही तिला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी बोर्डाच्या परीक्षेचं टेन्शन सांगितलं आणि गोळ्या दिल्या. त्यात दोन महिने गेले. या दोन महिन्यांत मी तिला आळशी म्हणाले, नाटकी म्हणाले, एकदा हातातली वही फाडली. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्याच्या गडबडीत हे कुणी मला विचारलंच नाही.

शेवटी नवराच म्हणाला, न्यूरॉलॉजिस्टला दाखवू. डॉक्टर वयस्कर होते, मोजकं बोलणारे. त्यांनी तिला हात पुढे धरायला लावले. हात थरथरत होते, पक्ष्याने पंख हलवावेत तसे. मग खिशातला छोटा टॉर्च काढून म्हणाले, "बेटा, ऊपर देखो." बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवट अशी एक बारीक रेघ गोल फिरली होती. मी रोज तिच्या केसांना तेल लावायची, तिचा चेहरा इतक्या जवळून पाहायची, आणि ती रेघ मला दिसली नव्हती.

"आई, काय आहे माझ्या डोळ्यात?" तिने विचारलं.

तांबं होतं. अन्नातून येणारं जास्तीचं तांबं शरीर लिव्हरमार्फत बाहेर टाकतं. तिच्या लिव्हरला ते जमत नव्हतं, जन्मापासूनच. ते साठत साठत लिव्हरमध्ये आणि मग मेंदूत गेलं होतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, एका दिवसाची लघवी कॅनमध्ये जमा करून पाठवली, एमआरआय झाला. सगळ्यातून तेच निघालं. डॉक्टरांनी हेही सांगितलं की हा दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक यावा लागतो आणि दोघांना स्वतःला त्याचा काही पत्ता नसतो. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला, म्हणाल्या, तांब्याच्या पिंपातलं पाणी पाजत होतीस म्हणून झालं असेल. पिंप त्यांनीच दिलेलं. त्यामुळे झालं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. पिंप मोडीत देऊन टाकलं.

निदानाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "चीलेशन शुरू करेंगे."

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की यांचा उच्चार चुकला, कीलेशन हवं. आणि त्याच्या पाठोपाठ जे आलं त्याला मी सुटकाच म्हणेन. हा शब्द माझा होता. या एका शब्दाबद्दल त्या खोलीत माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं, असं मला वाटलं.

डॉक्टर मात्र सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगत होते. "मैडम, जल्दी नहीं करनी है. अभी रोज़ एक कैप्सूल, खाली पेट. दो हफ़्ते बाद मैं देखूँगा, तब बढ़ाएँगे. कुछ मरीज़ शुरू में बिगड़ते हैं. जमा हुआ ताँबा हिलता है तो दिमाग़ की तरफ़ भी जा सकता है."

मी मान हलवली. नवऱ्याने डायरीत लिहून घेतलं.

परत येताना रिक्षात मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तेव्हा ती बोलायची, समजायला थोडा वेळ लागायचा, एवढंच. म्हणाली, "आई, हे कीलेट तुझंच ना? तू शिकवते ते?"

"हो, माझंच."

"मग तर टेन्शनच नाही यार."

मी तिची करंगळी माझ्या अंगठ्यात आणि बोटात धरून तिला सांगितलं, हे बघ, असं धरतं. सोडत नाही. आणि बाहेर घेऊन जातं.

औषध सुरू झालं. कॅप्सूलला कुजकट वास यायचा. ती नाक दाबून गिळायची. मी रोज सकाळी तिचं अक्षर पाहायची, एक ओळ लिहायला लावायची. चार दिवस, सहा दिवस, आठ दिवस. काही फरक नव्हता. लाळ गळायला लागली होती म्हणून ती शाळेत तोंडाला रुमाल लावून बसायची. बोर्डाची प्रॅक्टिकल्स जवळ आली होती. एके दिवशी घरी येऊन म्हणाली की व्हायवाला ती बोलू शकणार नाही, काय करू. मी म्हणाले, तोवर सुधारेल.

त्या दुपारी मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून हिशेब केला. औषधाचा रेणुभार, तांब्याचा अणुभार, एका कॅप्सूलमध्ये किती मोल. एका रेणूने एक आयन धरला तर रोज किती तांबं बाहेर पडेल. लघवीच्या रिपोर्टमधला आकडा घेतला. एका कॅप्सूलने किती महिने लागतील ते काढलं, दोनने किती, तीनने किती. गणितात चूक नव्हती. मी आजही तो कागद तपासला तर त्यात चूक सापडणार नाही. मी मुलीला परीक्षानळी समजले, चूक ती होती. परीक्षानळीत मोरचुदाला जायला दुसरीकडे जागा नसते.

नवव्या दिवशी सकाळी मी तिच्या हातावर दोन कॅप्सूल ठेवल्या.

"आज दोन?"

"हो. डॉक्टरांनी वाढवायला सांगितलंय."

तिने घेतल्या. नवऱ्याला मी सांगितलं नाही. त्याची पहिली पाळी होती, तो सकाळी लवकरच निघून जायचा. दोन आठवड्यांनी डॉक्टर बाहेरगावी होते, भेट पुढे ढकलली गेली. मी त्यांच्या जागी कुणालाही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी तीन द्यायला लागले. डबी लवकर संपली, तर दवा बाजारात जाऊन चिठ्ठीच्या झेरॉक्सवर दुसरी आणली. त्या दिवसांत ती थोडी जास्त अडखळत होती, हे मला दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं, तांबं हललंय, म्हणजे निघतंय.

एका सकाळी ती उठून खुर्चीत बसली आणि तिचा उजवा हात मनगटातून आत वळला. तिने तो दुसऱ्या हाताने सरळ केला, तो पुन्हा वळला. मान एका बाजूला ओढली गेली. तिने मला हाक मारायला तोंड उघडलं आणि जबडा तसाच उघडा राहिला. आतून आवाज येत होता, पण तो शब्द नव्हता. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणत होते, "बोल, बोल, आई म्हण." ती प्रयत्न करत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नवऱ्याला अर्ध्या वाटेतून परत बोलावलं आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर आदल्याच दिवशी परतले होते. तिला पलंगावर घेतलं, तिचे हातपाय पाहिले आणि त्यांनी विचारलं, "कैप्सूल कितनी चल रही थी?"

नवरा म्हणाला, "एक, सर. सुबह खाली पेट. ये खुद देती हैं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "एक ही ना, मैडम?"

मुलगी पलंगावर होती. मान वळलेली असली तरी डोळे माझ्याकडे होते. तिला माहीत होतं. ती दोन म्हणू शकत नव्हती, तीन म्हणू शकत नव्हती, बोट उचलून दाखवूही शकत नव्हती. ती फक्त बघत होती.

"एक," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि सुस्कारा सोडला. म्हणाले, एका कॅप्सूलवर एवढं होत असेल तर हे औषध हिला चालणारच नाही. ते बंद केलं. जे दुसरं औषध देता आलं असतं ते तेव्हा कुठे मिळेना. झिंकवर टाकलं, त्याचा परिणाम फार सावकाश होतो. खरी मात्रा त्यांना कळली असती तर त्यांनी काय केलं असतं, औषध थोडं थांबवून पुन्हा बारीक मात्रेने सुरू केलं असतं का, आणि त्याने तिचं बोलणं वाचलं असतं का, हे मला माहीत नाही. मी ते कळण्याची वाट त्या एका शब्दाने बंद केली.

त्यानंतर तिचं बोलणं परत आलं नाही. फिजिओथेरपी केली, स्पीच थेरपी केली. वर्षभरात हात थोडा सैल झाला, धरून चार पावलं चालायला लागली. अन्न मऊ करून भरवावं लागतं, घास गिळायला वेळ लागतो. आणि बुद्धी शाबूत आहे. लोक तिच्याशी लहान मुलाशी बोलतात तसं बोलतात आणि तिला सगळं कळत असतं.

चार महिन्यांनी मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं. दोन दिल्या, मग तीन दिल्या, तुमच्याशी खोटं बोलले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आपने उस दिन बताया होता तो..."

"तो?"

"पता नहीं." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "एक पर भी बिगड़ते हैं लोग. बहुत सँभालकर दो तब भी. मैं नहीं कह सकता, मैडम, कि आपकी वजह से हुआ. ये भी नहीं कह सकता कि नहीं हुआ."

शिक्षा मिळेल किंवा माफी मिळेल, असं काहीतरी मनात घेऊन मी गेले होते. बाहेर आले तेव्हा हातात नुसता पुढच्या तपासणीचा कागद होता.

नवऱ्याला सांगायला आणखी आठ महिने लागले. पीथमपूरहून येताना तो मला कधी कधी कॉलेजवरून गाडीत घ्यायचा. राऊच्या चौकाच्या थोडं पुढे मी सांगून टाकलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, "तिने विचारलं नाही तुला, दोन का म्हणून?"

"विचारलं. मी म्हणाले डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मागून ट्रक हॉर्न वाजवत जात होते. "मी डॉक्टरांना एक म्हणालो," तो म्हणाला. "तिच्यासमोर. ती ऐकत होती आणि मी एक म्हणालो."

मग त्याने इंजिन सुरू केलं आणि आम्ही घरी आलो. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून औषधं त्याच्या कपाटात गेली. सकाळ-संध्याकाळची तो स्वतः द्यायचा, दुपारची तिच्यासाठी ठेवलेल्या मावशींकडे मोजून देऊन जायचा. माझ्या हाती एक गोळीही ठेवायचा नाही.

मुलीला मी सगळ्यांत शेवटी सांगितलं. तिच्यासाठी पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता केला होता, डाव्या हाताच्या बोटाने ती एकेक अक्षर दाखवायची. एका दुपारी तो तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, त्या औषधाबद्दल तुला सांगायचंय. डॉक्टरांनी वाढवायला सांगितलं नव्हतं. मीच वाढवलं. लवकर बरी व्हावीस म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. बोट थरथरत एकेका अक्षरावर जात होतं, मधे घसरत होतं, पुन्हा जागेवर येत होतं. मी अक्षरं जुळवत होते.

तू एक बोलली.

कॅप्सूल वाढवल्या, याबद्दल तिने काहीच म्हटलं नाही. तेवढंच वाक्य दाखवलं आणि बोट काढून घेतलं. मग मान भिंतीकडे वळवली.

तीन दिवस तिने माझ्या हातून घास घेतला नाही. चमचा जवळ नेला की ओठ मिटायची. मावशी भरवायच्या, बाप भरवायचा. चौथ्या दिवशी मावशी आल्या नाहीत आणि नवरा कारखान्यात होता. तिला भूक लागली होती. मी वरणभात कालवून आणला. तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं.

मी नोकरी सोडली नाही. घरी बसणं मला जमलं नसतं आणि खरं म्हणजे घरी माझी कुणी वाट पाहत नव्हतं. तो धडा दोन वर्षं मी एका सहकाऱ्याला घ्यायला लावला. तिसऱ्या वर्षी तो सोडून गेला, मग मलाच घ्यावा लागला. मी व्याख्या सांगितली, परीक्षानळीतलं पाणी जांभळं करून दाखवलं आणि थांबले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मैम, पकड़ने के बाद वो मेटल जाता कहाँ है?"

"डेफिनिशन में इतना ही है," मी म्हणाले. "चेलेट यानी पकड़ना. छोड़ना या ले जाना उसमें नहीं है."

वर्गात कुजबुज झाली. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं की मी स्वतः 'चेलेट' म्हणाले होते. कुणी दुरुस्त केलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघं, आपल्यानंतर हिचं काय, या प्रश्नापाशी आलो. नवऱ्याने महूच्या पलीकडे एक संस्था शोधून काढली होती. स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा मुली आणि बायका तिथे राहतात. नुसतं बघून यायचं होतं, आणखी दहा-पंधरा वर्षांनी लागेल म्हणून. मुलीला घरी कुणाजवळ ठेवायचं, म्हणून तिलाही गाडीत घेतलं.

बसकी कौलारू इमारत होती, पुढे अंगण, अंगणात आठ-दहा खुर्च्या. तिथल्या मुख्य बाई माळव्यातल्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी खोल्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं. परत निघताना त्या सहज, म्हणजे पाहुण्याला विचारावं तशा, मुलीसमोर वाकून म्हणाल्या, "क्यों बेटा, रहोगी हमारे यहाँ?"

मुलीने मान हलवली. तिची मान आपोआपही हलते, पण ही हालचाल आम्हाला दोघांनाही ओळखता येते. वरून खाली, एकदा, सावकाश.

गाडीत मी म्हणाले, "तिला प्रश्न नीट कळला नसेल."

"तिला सगळं कळतं," नवरा म्हणाला.

घरी येऊन त्याने तक्ता तिच्यापुढे धरला. "खरंच जायचंय तुला तिथे?"

तिने 'हो' दाखवलं.

"का गं?"

बोट हललं नाही.

"आईमुळे?"

मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बोट 'हो'वरही गेलं नाही आणि 'ना'वरही गेलं नाही. तक्त्याच्या कडेवर पडून राहिलं. नवऱ्याने पुन्हा विचारलं नाही.

पुढे महिनाभर आम्ही तो विषय काढला नाही. मग एके दिवशी तिनेच तक्ता मागून घेतला आणि विचारलं, कधी. तेव्हा ती एकवीस वर्षांची झाली होती. मी तिचे कपडे भरले, प्रत्येकावर आतून नाव शिवलं. माझ्या हातात तेवढंच काम उरलं होतं. ती गेली त्या दिवशी गाडीत बापाशेजारी बसली आणि मी मागे.

आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात तिच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांचा फोन आला, आवाजात समाधान होतं. तांबं आता आटोक्यात आहे, म्हणाले, डोळ्यांतली रेघही फिकट झाली आहे. मी धन्यवाद म्हटलं. फोन ठेवून मी गॅसवरचं दूध पाहायला गेले, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. रिपोर्ट चांगला आला हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर लोक विचारतात, मग आता बोलते का?

दर रविवारी आम्ही भेटायला जातो. परवा गेलो तेव्हा तिचं जेवण चाललं होतं. तिथली एक तरुण बाई तिला खिचडी भरवत होती आणि भरवता भरवता हिंदीत काहीतरी बडबडत होती, कुणाची तरी नक्कल करत असावी. मुलगी हसली. खांदे हलले, तोंडातली खिचडी थोडी बाहेर आली, बाईने ती पुसली, दोघी पुन्हा हसल्या. घासामागून घास ती घेत होती, डोळे उघडे होते.

आम्ही जवळ गेल्यावर ती गप्प झाली. बापाने तिचा हात हातात घेतला. मी नवीन आणलेला गाऊन दाखवला, केस विंचरू का विचारलं. तिने डोळे मिटले. मी खुर्ची थोडी मागे घेऊन बसून राहिले.

"निघूया," थोड्या वेळाने नवरा म्हणाला.

"अजून अर्धा तास आहे भेटीचा."

"तिला झोप आलीय."

तिला झोप आली नव्हती हे त्यालाही माहीत होतं. आम्ही उठलो. अंगण ओलांडेपर्यंत मी मागे पाहिलं नाही. फाटकापाशी चपला घालताना आतून त्या तरुण बाईचा आवाज आला आणि त्यात मिसळलेला तिचा, शब्द नसलेला. नवऱ्याने गाडी सुरू केली होती. मी जाऊन मागच्या सीटवर बसले.